गेरू, सफेदा आणि आल्प्सची दरी

1774 च्या आसपास बर्नचा प्रकाशक आब्राहम वागनर याने कास्पार वोल्फला काम दिले: स्वित्झर्लंडच्या दऱ्या, हिमनद्या, गुहा, धबधबे तैलरंगांत उतरवायचे. मुरी गावातल्या सुताराचा हा मुलगा पॅरिसला चित्रकार लूथरबुर्गच्या हाताखाली काम करून परतला होता. पुढच्या काही वर्षांत त्याच्या हातून जवळजवळ दोनशे चित्रे झाली.

रीत कष्टाची होती. जागेवर अभ्यासचित्र करायचे, मग खाली येऊन सुमारे 54 बाय 82 सेंटिमीटरचे चित्र रंगवायचे, आणि तेच चित्र पुन्हा डोंगरावर नेऊन समोरच्या कड्याशी ताडून पाहायचे. वागनर आणि निसर्गाचा जाणकार पाद्री वायटेनबाख या भटकंतीत सोबत असत.

रंगांचे म्हणाल, तर निवडीला फारसा वावच नव्हता. त्या काळच्या चित्रकाराचा भरवसा मुख्यतः मातीवर: रामरज, गेरू, तपकिरी अंबर. शिसे आणि व्हिनेगरपासून केलेला सफेदा, थोडासा हिंगूळ, काजळीचा काळा. अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा निळा इतका महाग की डोंगराच्या सावल्यांत तो उधळणे परवडणारे नव्हते. त्याची उणीव प्रशियन निळ्याने भरून काढली. बर्लिनच्या एका रंगकाराला लाल रंग करायचा होता, झाला निळा! 18व्या शतकाच्या पहिल्या दशकातला हा अपघात पुढे निसर्गचित्रकारांच्या चांगलाच पथ्यावर पडला. मात्र हा निळा भारी जहाल. सुरीच्या टोकावर जरा जास्त आला की अख्खे आकाश गिळून टाकतो.

खरी अडचण हिरव्याची. गवताळ उतारांना शोभेल असा टिकाऊ, झाकणारा हिरवा बाजारात नव्हता. तांब्याचे हिरवे कालांतराने तपकिरी पडत. म्हणून निळ्यात पिवळा कालवायचा. तो पिवळा वनस्पतीचा असला तर उडून जायचा आणि झाडे निळसर उरायची. जुन्या निसर्गचित्रांतली निळी पाने पाहून कुणी चित्रकाराच्या कल्पकतेचे कौतुक केले, तर त्यातले काही श्रेय उन्हालाही द्यावे लागेल.

बाहेर न्यायचे रंग जवसाच्या तेलात घोटून डुकराच्या मूत्राशयात बांधलेले असत. टाचणीने भोक पाडायचे, हवा तेवढा रंग दाबून काढायचा, भोकात खिळा खोचायचा. ही फुगी प्रवासात फुटायचीही. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंग भरायच्या कथलाच्या नळीचे पेटंट घेतले ते थेट 1841 साली.

एवढ्या थोड्या रंगांत दरीची खोली येते कशी? वोल्फचे 1776 चे लाउटरआर हिमनदीचे चित्र पाहावे. जवळचे खडक उबदार तपकिरी, त्यांच्या सावल्या गडद. मागे जावे तसा तपकिरी विरत जातो, सफेदा आणि निळा वाढतो, गडद-फिक्यातले अंतर मिटत जाते. इथे हिरव्याची गरज जवळपास नाहीच. हिमनदीचा प्रदेशच करडा असल्यामुळे गेरू-सफेद्याची ती पेटी तोकडी वाटत नाही. कुरणे रंगवताना मात्र तीच पेटी तोकडी पडते.

वोल्फ 1783 साली हायडेलबर्गमध्ये वारला आणि दीडशे वर्षे जवळपास विस्मरणात गेला. त्याच्या पेटीत नसलेले रंग त्याच्या मागून आले: कोबाल्ट निळा 1802 मध्ये, भरवशाचा हिरवा व्हिरिडियन त्यानंतर कितीतरी वर्षांनी. वोल्फची चित्रे आज बाझेल, बर्न आणि आराऊच्या संग्रहालयांत आहेत. ग्रिंडेलवाल्डची हिमनदी तेव्हा कुठवर उतरत होती हे ठरवताना हिमनद्यांचे अभ्यासक तिची अशी जुनी चित्रे पुरावा म्हणून तपासतात.