आपल्या डोळ्यांनी जगाचा सिनेमा

परदेशी चित्रपट पाहून मनात काय काय उठले, हे मराठीत लिहून ठेवणाऱ्या आरंभीच्या प्रेक्षकांत दादासाहेब फाळक्यांचे नाव घ्यावे लागते. १९१० च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि पुढे १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकात लेखमाला लिहिताना तो अनुभव सांगितला. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र चालले होते आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहत होते. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्या पाहण्यातून जन्मला. फाळक्यांना आपण चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून ओळखतो. त्याआधी ते प्रेक्षक होते, परक्या चित्रात आपल्या घरचे दैवत दिसलेले प्रेक्षक. वाचकांना ज्या लेखनाकडे मला बोलवायचे आहे, त्याचे मूळ मला तिथे दिसते.

पुढची वाट बरीच रुंद झाली. १९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले, १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ. सतीश बहादूरांनी 'पथेर पांचाली' दृश्यादृश्याने उलगडून दाखवत विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. अरुण खोपकरांच्या 'चलत्-चित्रव्यूह' या पुस्तकाला २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गणेश मतकरींनी जगभरच्या चित्रपटांवर सातत्याने लिहिले. आणि आपल्या मराठवाड्यात, नांदेडला राहून, विजय पाडळकरांनी चेकॉव्हवर जितक्या प्रेमाने लिहिले तितक्याच प्रेमाने गुलजारांच्या आणि जगातल्या थोर दिग्दर्शकांच्या चित्रपटांवर लिहिले. ही पुस्तके जवळ असणे ही मराठी वाचकाची श्रीमंती आहे.

तरीही परभणी जिल्ह्यातला एखादा वाचक म्हणेल की हे सगळे पुण्या-मुंबईच्या लोकांचे. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात बसून जपानच्या नाहीतर इराणच्या सिनेमावर आपण काय बोलणार? या शंकेला उत्तर देण्यासाठीच ही प्रस्तावना लिहावीशी वाटली. चारठाणा हे जुन्या देवळांचे गाव आहे. कोरीव खांब, बारव, पडझड झालेली शिल्पे हे सारे तिथल्या मुलांच्या रोजच्या वाटेवर असते. आता अकिरा कुरोसावांचा १९५० चा 'राशोमोन' लावा. मुसळधार पाऊस कोसळतो आहे, एका भव्य पण अर्ध्या ढासळलेल्या वेशीखाली तीन माणसे आडोशाला थांबली आहेत. त्यांतला एक जण शेकोटीसाठी त्या वेशीच्याच फळ्या ओरबाडून काढतो. परदेशी समीक्षक या चित्रपटाबद्दल सत्याच्या अनेक रूपांविषयी बोलतात आणि ते खरेच आहे. एकाच घटनेच्या चार हकिकती तिथे एकमेकींशी जुळत नाहीत. पण देवळाचा घडीव दगड घराच्या जोत्यात बसलेला ज्याने मराठवाड्यात पाहिला आहे, त्याची नजर आधी त्या फळीवर जाते. पूर्वजांनी हौसेने उभारलेले काही गरजेपोटी मोडणाऱ्या माणसाचा त्याला रागही येतो आणि त्याची थंडीही कळते. ही प्रतिक्रिया कुणा पुस्तकातून आलेली नाही. ती लिहिली गेली तर 'राशोमोन'वरच्या लेखनात भरच पडेल, असे मी पूर्ण विश्वासाने म्हणतो.

व्हित्तोरिओ दे सिकांच्या 'बायसिकल थीव्हज'चेही तसेच. तो १९४८ चा, म्हणजे मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला त्याच वर्षीचा. नोकरीसाठी सायकल हवी, ती गहाण पडलेली. म्हणून बायको पलंगावरच्या चादरी काढून गहाण टाकते. दुकानातला माणूस ते गाठोडे घेऊन उंच फळ्यांवर चढत जातो आणि वरपर्यंत अशीच गाठोडी रचलेली दिसतात. सावकाराकडे डाग ठेवून खत-बियाणे आणलेल्या घरात वाढलेल्याला ते दृश्य समजावून सांगावे लागत नाही.

खेड्यातला प्रेक्षक असे पाहू शकतो याचा दाखला शेजारच्या कर्नाटकात आहे. के. व्ही. सुब्बण्णांनी हेग्गोडू या लहान गावात 'नीनासम्'च्या वतीने जागतिक चित्रपट दाखवले. पुण्याच्या संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी त्यासाठी प्रती पुरवल्या. शेतकऱ्यांनी ते चित्रपट पाहिले आणि त्यांवर चर्चा केली. नायरांवरच्या 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२) या माहितीपटात ते गावकरी जुन्या चित्रपटांच्या आठवणी सांगताना भेटतात. शक्य झाल्यास वाचकांनी तो भाग जरूर पाहावा.

आता वाट कशी धरावी? चित्रपटाविषयी आधी काही वाचू नका. मोबाईलवर पाहणार असाल तर निदान दिवा मालवा आणि एका बैठकीत शेवटपर्यंत पाहा. झोपण्याआधी वहीत चार ओळी लिहा: कोणते दृश्य डोळ्यांपुढून हटत नाही, कुठे कंटाळा आला, कोणाची आठवण झाली. कंटाळाही नोंदवावा, दुसऱ्यांदा पाहताना बहुतेक तिथेच काहीतरी सापडते. खोपकर किंवा पाडळकर वाचायला घ्यावेत ते त्यानंतर. त्यांचे म्हणणे तुमच्या वहीशी जुळले नाही तर वहीतले खोडू नका, पुन्हा चित्रपट पाहा. परिभाषा हळूहळू येते. 'क्लोजअप' हा शब्द ठाऊक नसतानाही चेहरा जवळ आला की काळजात काय होते, हे लिहिता येतेच.

इंग्रजी उपशीर्षकांची अडचण खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. म्हणून सुरुवात अब्बास कियारोस्तामींच्या 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?' (१९८७) या इराणी चित्रपटाने करावी असे सुचवतो. चुकून आलेली मित्राची वही परत द्यायला निघालेला अहमद त्यात आईला तेच तेच विनवत राहतो, आई कामातून मान वर न करता गृहपाठ कर म्हणत राहते. मोजक्याच वाक्यांत सारे कळते. मग 'पथेर पांचाली', 'बायसिकल थीव्हज', 'राशोमोन' असे पुढे जावे. तारकोव्हस्की, बर्गमन यांची घाई नको. वहीची दहा-बारा पाने भरली की ते पाहायला घ्यावेत, आणि शक्यतो सोबत कुणीतरी असावे, कारण त्यांचे चित्रपट संपल्यावर बोलायला माणूस लागतो.