वैनगंगेकाठची ये-जा

गणपती बसले की मंडळात एक प्रश्न हमखास निघतो, "मुलं आली का?" कोणी पुण्याहून, कोणी नागपूरहून विसर्जनापुरती येतात. गावे रिकामी होत चालली, अशी खंत मग आम्ही सगळेच बोलून दाखवतो. पण आपला बालाघाट जिल्हाच मुळी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घडवलेला आहे.

१८६७ पासून भंडारा, मंडला व सिवनीचे भाग जोडून हा जिल्हा आकाराला आला. बैहर-परसवाड्याचे पठार तेव्हा जंगलाने व्यापलेले होते. डेप्युटी कमिशनर कर्नल ब्लूमफील्ड यांनी खोऱ्यातील पोवारांना वर वसण्यास उत्तेजन दिले. लछमन पोवार यांनी परसवाड्याकडे पहिली गावे बसवली. धानाच्या बांध्या आणि पाणी अडवण्याची विद्या त्यांच्याबरोबर पठारावर चढली. मात्र ते पठार निर्मनुष्य नव्हते. गोंड आणि बैगा तिथे आधीपासून होते, आणि बैगांच्या बेवर शेतीवर सरकारने बंधने घातली. एकाचे गाव वसले, तेव्हा दुसऱ्याचे रान आटले.

आपली मराठी घरेही अशीच आली. कोणी भोसल्यांच्या काळात, कोणी कचेरी, शाळा, रेल्वे किंवा भरवेलीच्या मँगनीज खाणीच्या निमित्ताने. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. आम्ही जागचे हललो नाही, पण गोंदियाचे माहेर परराज्यात गेले!

आता धानकापणी आटोपली की खेड्यातली माणसे नागपूर-हैदराबादची वाट धरतात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वांत जास्त. कारणे अनेक असतील, पण सरकारी कामानिमित्त खेड्यांत फिरताना बांधीवर, रेशन दुकानात, ग्रामसभेत आम्हाला बायाच अधिक दिसतात. बाहेरच्या कमाईतून पक्की घरे उभी राहतात. तलावाची पाळ मात्र पैशाने नाही, गावच्या माणसांनी सांभाळली जाते. ती माणसे गेली की तलाव गाळाने भरतो.

म्हणून स्टेशनवर गाठोडे घेऊन उभा असलेला मजूर दिसला, तर त्याच्यात आपले पणजोबा पाहावेत. आणि यंदा मुले घरी आहेत तोवर, आपण कोणत्या गावाहून, कशासाठी इथे आलो, हे वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून ठेवावे. सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

गणपती बाप्पा मोरया!