उचलता येईल तेवढंच इंजिन

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्या पुरानंतर आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांनी वर्गणी काढून हवेनं फुगवायची एक रबरी होडी घ्यायचं ठरवलं. होडीवर एकमत झालं. वाद पेटला तो इंजिनावरून. कुणी म्हणे पंधरा हॉर्सपॉवरचं घ्या, कुणी म्हणे पंचवीस. मी कविता लिहिणारा माणूस, पण वाचायची खोड जुनी. या छोट्या इंजिनाचा इतिहास वाचत गेलो, आणि वादाचं उत्तर मला तिथंच मिळालं.

होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं आणि काम झालं की काढून घरी न्यायचं, असं हे यंत्र. १८८१ मध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे या संशोधकानं पॅरिसला सेन नदीत अशी होडी चालवली. गंमत म्हणजे तिची मोटर विजेची होती, बॅटरीवर चालणारी. पेट्रोलचं इंजिन पुढं अमेरिकेत आलं. कॅमेरॉन वॉटरमन यानं ते आधी विकायला काढलं, पण लोकप्रिय केलं ओले एव्हिनरूड यानं. हा नॉर्वेत जन्मलेला, विस्कॉन्सिनमध्ये वाढलेला कारागीर. असं सांगतात, की तळ्याकाठच्या सहलीत बेस नावाच्या मैत्रिणीला आईस्क्रीम हवं झालं. ओले वल्ही मारत पैलतीरी गेला, आणि परत येईपर्यंत आईस्क्रीमचं पाणी झालं! पुढं बेस त्याची पत्नी झाली आणि धंद्याचा पत्रव्यवहार नि जाहिराती तिनंच सांभाळल्या.

१९०९ मध्ये बाजारात आलेलं ओलेचं इंजिन दीड हॉर्सपॉवरचं होतं आणि वजन होतं २८ किलो. पुढं त्यानं अ‍ॅल्युमिनियम वापरून नवं इंजिन बनवलं. जुन्या भागीदारानं ते नाकारलं, तेव्हा नवरा-बायकोनं वेगळी कंपनी काढली. १९२१ च्या सुमारास आलेलं हे ‘एल्टो’ तीन हॉर्सपॉवरचं होतं, आणि वजन अवघं २२ किलो. ताकद दुप्पट, ओझं कमी. एव्हिनरूडनं नुसता वेग विकला नाही. एका माणसाला उचलता येईल असं इंजिन त्यानं दिलं.

फुगवायची होडी घडली ती फ्रान्समध्ये. झोडियाक ही मुळात आकाशात तरंगणारी हवाई जहाजं बांधणारी कंपनी. तिचा इंजिनियर पिएर दब्रूतेल यानं १९३० च्या दशकात इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची होडी केली आणि मागं दोन फुगीर नळ्यांमध्ये लाकडी फळी बसवली. इंजिनाला जागा मिळाली. १९५२ मध्ये डॉ. आलँ बोंबार रबरी होडीतून, शिडाच्या जोरावर, कॅनरी बेटांहून ६५ दिवसांत बार्बाडोसला पोचले. म्हणजे ही होडी लेचीपेची नाही. पण तिच्या शेपटीवर किती भार द्यायचा, याला मर्यादा आहे.

म्हणून आधी होडीवरची पाटी वाचावी. किती हॉर्सपॉवर, किती माणसं, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि अनेक जीव गेले. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. गल्लीबोळांतून तीन मीटरची होडी हळूच न्यायला चार-सहा हॉर्सपॉवर पुरतात. सहाचं फोर-स्ट्रोक इंजिन साधारण २५ ते २८ किलोंचं. पंचवीसचं पन्नासच्या पुढं जातं. ते पावसात, अंधारात माडीवरून कोण उतरवणार?

मग दांड्याची लांबी पाहावी. मागची फळी ३८ सेंटिमीटरची असेल तर आखूड दांडा, ५१ ची असेल तर लांब. दांडा गरजेपेक्षा लांब असला तर उथळ पाण्यात कुंपणाला अडकतो, आखूड पडला तर पंखा हवा ओढतो.

टू-स्ट्रोक इंजिन हलकं, पण त्याला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं आणि धूर फार. होंडानं १९६४ मध्येच फोर-स्ट्रोक आणलं होतं. ते थोडं जड, पण पेट्रोल कमी पितं. आता त्रूव्हेची बॅटरीही परत आली आहे. तळ्यासाठी ती झकास, पण पुरात सर्वांत आधी वीज जाते, तेव्हा ती चार्ज कुठं करणार?

इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेलीच हवी. तो पाण्यात पडला की दोरी सुटते आणि पंखा थांबतो. पाण्यात माणसं असताना फिरता पंखा म्हणजे कोयताच.

वल्ही मारण्याचे कष्ट आता संपले, असा बेसच्या जाहिरातींचा सूर होता. तळ्यावरच्या सहलीपुरता तो खरा. पुराच्या पाण्यात कचरा असतो, तारा असतात, वाहून आलेली साडीही पंख्यात गुंतते. इंजिन कुठलंही घ्या, वल्ह्यांची जोडी होडीतच ठेवा.