उचलीची कुळकथा

आषाढ-श्रावणात तलवाड्याच्या पारावर ‘यंदा किती उचल घेतली?’ हा प्रश्न कानावर आला, तर परक्याला वाटेल पोत्या-बित्यांचा हिशेब चाललाय. गेवराई तालुक्यातल्या माणसाला मात्र वेगळं काही सांगावं लागत नाही. उचल म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमानं ऊसतोडीसाठी आगाऊ दिलेली रक्कम. ती ना कर्ज म्हणून दिलेली असते, ना पगार म्हणून. बीड जिल्ह्याच्या अर्ध्या बोलण्यात हा शब्द आहे.

शब्दाचं मूळ जुनं आहे. ‘उत्’ आणि ‘चल्’ यांतून झालेल्या संस्कृत क्रियापदाचा अर्थ वर जाणं, तसाच निघणं, प्रस्थान ठेवणं. मराठीत त्याचं ‘उचलणं’ झालं आणि निघण्याचा अर्थ गळून पडला. बीडमध्ये तो मागल्या दारानं परत आला म्हणायचं, कारण इथं उचल घेतली की घर सोडून निघावंच लागतं.

मधल्या काळात या क्रियापदानं मोठा गोतावळा जमवला. विडा उचलला की पैज, बेलभंडार उचलला की शपथ, हात उचलला की मारहाण, दुसऱ्याची तळी उचलली की लाळघोटेपणा. व्यापारी माल उचलतो, पोलीस संशयिताला उचलतात, जुनं दुखणं उचल खातं, नको झालेल्या अधिकाऱ्याची उचलबांगडी होते. चोराला तर नावच उचल्या. लक्ष्मण गायकवाड यांनी 1987 साली आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिलं. इंग्रजी क्रियापदाला मागून ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ लागतं आणि अर्थ फिरतो. आपण पुढचं नाम बदलून तेच साधतो. इंग्रजीचं ‘पिकअप’ही आपल्या खेड्यांत रुळलंय. गाडीचा पिकअप कमी होतो, भाजी पिकअपमधून बाजारात जाते, फाट्यावर पिकअप शेड असतं. पैशाच्या व्यवहारात मात्र त्याला शिरकाव मिळाला नाही. तिथं उचल आधीच ठाण मांडून होती.

उचलीला आजचं वजन आलं ते साखरेमुळं. प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 च्या सुमारास सुरू झाला, पाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात कारखाने उभे राहिले आणि तोडायला माणसं कमी पडू लागली. बीडच्या कोरडवाहू शिवारात पावसाळ्यानंतर हाताला काम नव्हतं. 1972 च्या दुष्काळानंतर इथून ऊसतोडीला जाणाऱ्यांचा ओघ वाढला. पुढं पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणी गेवराईच्या काही शिवारात आलं, गढीला जय भवानी कारखानाही झाला, तरी टोळ्या बाहेर जायच्या थांबल्या नाहीत.

मजूर ऐन हंगामात दुसरीकडं जाऊ नये म्हणून त्याला आधीच बांधून ठेवायचं, ही या व्यवहाराची गरज. कारखान्याचा पैसा वाहतूक ठेकेदाराकडं, त्याच्याकडून मुकादमाकडं, मुकादमाकडून कोयत्याकडं. कोयता म्हणजे इथं नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. बायकोचं नाव बहुतेक वेळा हिशेबात नसतं, उचल नवऱ्याच्या हातात पडते, मोळी मात्र तिच्या डोक्यावर असते. पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढं उचल जाते. ती पोरीच्या लग्नात, दवाखान्यात नाहीतर सावकाराच्या देण्यात दिवाळीआधीच संपलेली असते.

आता हिशेब मांडून बघा. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. हा वाढीव दर टनाला 366 रुपये धरला, तर लाखाची उचल फेडायला साधारण 273 टन ऊस तोडावा लागतो. जोडीनं रोज दोन टन तोडला, तर झाले 137 दिवस. हंगाम कित्येकदा 120 दिवसांतच आटोपतो. शिवाय पंधरवड्याला खर्चीसाठी पैसे उचलावे लागतात, ते याच खात्यात चढतात. बाई आजारी पडली तरी खाडा धरतात, त्याचेही पैसे कापले जातात. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून चार पैसे सुटतात, तेवढाच आधार. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडतो तेव्हा उचल फिटलेली नसेल तर ‘बाकी’ निघते, आणि ती पुढच्या वर्षाच्या उचलीत जाऊन बसते. तोच मुकादम, पुन्हा त्याच्याच टोळीत.

लबाडी एकतर्फी नसते. दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसऱ्याच टोळीबरोबर निघून जाणारे आहेत, आणि त्यात बुडालेला छोटा मुकादम घर विकून ठेकेदाराचे पैसे भरतो. उलट बाकीपोटी मजुराला डांबून ठेवल्याच्या बातम्याही दर हंगामात येतात. तरी दोन्ही बाजू एका तागडीत घालता येणार नाहीत. मुकादमाचं बुडतं ते भांडवल, मजुराची जाते ती मोकळीक.

माझं या शब्दाशी भांडण आहे ते त्याच्या हलकेपणावरून. ‘कर्ज’ म्हटलं की माणूस व्याज विचारतो, मुदत विचारतो, पावती मागतो. ‘उचल’ म्हटलं की यातलं काहीच विचारावंसं वाटत नाही. आपल्याच मजुरीतले पैसे जरा आधी उचलले, एवढंच वाटतं. घेताना ती मजुरी असते आणि फेडताना कर्ज.

1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात आगाऊ रक्कम देऊन माणसाला कामाला जखडणं वेठबिगारीत धरलं आहे, आणि अशी रक्कम फेडण्याची जबाबदारीही त्याच कायद्यानं रद्द केली आहे. दसऱ्यानंतर तलवाड्याच्या त्वरितादेवीच्या डोंगराखालून ट्रक भरायला लागण्याआधी, ग्रामसभेत हे कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं. उचलीची पावती मागावी, आणि त्या पावतीवर बायकोचंही नाव घालून घ्यावं.