लखनौची नाव आणि हेदूची फळी

2019 साली लखनौच्या छत्तर मंझिलच्या आवारात उत्खनन चालू असताना मातीखालून एक लाकडी नाव निघाली. तिची लांबी सुमारे 42 फूट भरली. छत्तर मंझिल हा अवधच्या नबाबांचा गोमतीकाठचा राजवाडा. त्याला लागून असलेली फर्हत बक्ष कोठी क्लॉड मार्टिन या फ्रेंच सेनाधिकाऱ्याने 1781 च्या सुमारास बांधली. नदीचे पाणी तिच्या तळघरात खेळत असे. अशा घराचे एक दार रस्त्याकडे, तर दुसरे पाण्याकडे असावे यात नवल नाही. 1819 साली नबाब गाझीउद्दीन हैदर यांच्यासाठी येथेच वाफेवर चालणारी नाव बांधण्यात आली. ती हिंदुस्थानातील पहिली मानली जाते. 1858 साली फेलिचे बिआतो या छायाचित्रकाराने याच राजवाड्यासमोर टिपलेल्या चित्रात माशाच्या आकाराची राजनौका दिसते. मासा हे अवधचे राजचिन्ह होते.

जुनी नाव जमिनीतून वर आली म्हणजे तिचे आयुष्य सुरक्षित झाले असे नव्हे. वर्षानुवर्षे ओल धरून राहिलेले लाकूड झपाट्याने वाळले तर आकसते, पिळवटते आणि फुटते. म्हणून लाकूड जपणे जितके अगत्याचे, तितकेच तिचे माप, तिच्या फळ्यांची रुंदी, सांधे आणि खिळ्यांच्या जागा नोंदवून ठेवणे अगत्याचे असते. त्या नोंदींवरून केलेली प्रतिकृती ही नावेची दुसरी साक्ष होय. परंतु प्रतिकृती करणाऱ्यापुढे आरंभीच एक अवघड प्रश्न उभा राहतो. जहाजाचा डेक, म्हणजे ज्यावर माणसे वावरतात ती फळ्यांची जमीन, कोणत्या लाकडाची करावी?

खऱ्या जहाजापुरते उत्तर आपल्याकडे पूर्वीच ठरलेले होते. डेकला ऊन, पाऊस आणि खारे पाणी आळीपाळीने सोसावे लागते. साग हे सारे सोसतो. त्याच्या अंगचे तेल लाकडाला कुजू देत नाही आणि लोखंडी खिळ्यालाही सांभाळते. ओकच्या लाकडातील आम्ल मात्र लोखंड खाऊन टाकते. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारी सागातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका 1817 साली पाण्यात उतरली, आणि इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती आजही तरंगते आहे.

या लाकडाचे मोल मराठ्यांच्या राज्यकर्त्यांनाही पुरते ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या, 1715 च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी स्वतंत्र विवेचन आहे. साग वगैरे झाडे सरकारी परवानगीने तोडावीत, अधिक लागल्यास परमुलखातून विकत आणावीत. परंतु रयतेचे आंबे-फणस, तीही लाकडे आरमाराच्या कामाची असली तरी, त्यांना हात लावू नये, असा त्याचा आशय. ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे अगदी जुने, निरुपयोगी झाड घ्यायचेच झाले तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे. जहाजाची फळी कोठून येते, याचा विचार राज्यनीतीत आला तो असा.

तेव्हा सागी जहाजाची प्रतिकृतीही सागाचीच करावी, हे सहज सुचते. वस्तुतः तेथेच चूक होते. प्रतिकृतीचे एक रूढ प्रमाण एकास अठ्ठेचाळीस हे आहे. या प्रमाणात सहा इंच रुंदीची फळी एक अष्टमांश इंचाची होते. मनुष्य, फळी, खिळा सारे लहान होते. लाकडाचे रंध्र मात्र लहान होत नाही. सागाचे मोठे रंध्र सुमारे पाव मिलिमीटरचे धरले, तर त्या प्रमाणात पाहणाऱ्याला ते अर्ध्या इंचाचे भोक वाटते. मोठ्या जहाजावर जे लाकूड शोभते, तेच लहान जहाजावर खोटे दिसते. सतराव्या शतकापासून इंग्रजी नौदलासाठी होणाऱ्या प्रतिकृतींत नासपती, बॉक्सवुड अशी बारीक पोताची लाकडे वापरली जात, यामागचे एक कारण हेच.

आपल्या रानात याच गुणाचे लाकूड आहे. त्याला मराठीत हेदू आणि उत्तरेत हल्दू म्हणतात. ते हिमालयाच्या तराईत वाढते, तसेच महाराष्ट्राच्या जंगलांतही. रंग पिवळसर, पोत एकसारखा, आणि रंध्रे इतकी बारीक की भिंगावाचून दिसू नयेत. फण्या, मोजपट्ट्या आणि सूतगिरणीतील बॉबिने यांसाठी त्याची ख्याती आहे. जी लाकडे फणीचा बारीक दात सांभाळतात, ती डेकची बारीक पट्टीही सांभाळतात. खऱ्या डेकवर फळ्यांच्या सांध्यांत राळ भरलेली असते. प्रतिकृतीत पट्टीच्या कडेला काळा कागद चिकटवला की तीच रेघ उमटते. घासून घासून करडा झालेला डेक दाखवायचा असेल तर हेदूचा पिवळेपणा किंचित मारावा लागतो, एवढेच.

लखनौच्या नावेपुरती मात्र एक सावधगिरी हवी. सागाचे नैसर्गिक रान अवधात नाही. तेथील नावाड्यांना जवळचा होता तो तराईतील साल, ज्याला तिकडे साखू म्हणतात. तेव्हा मुंबईची जहाजे सागाची म्हणून गोमतीची नावही सागाचीच, असे गृहीत धरता येत नाही. लाकडाचे तीन दिशांनी पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले म्हणजे त्याची जात ओळखता येते. प्राचीन वनस्पतींचा अभ्यास करणारी बिरबल साहनी संस्था आणि 1976 साली स्थापन झालेली सांस्कृतिक वारशाच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा या दोन्ही लखनौतच आहेत.

प्रतिकृतीच्या फळीत मूळ जातीचे लाकूड नसले तरी बिघडत नाही. मूळ जातीची नोंद नसली तर मात्र बिघडते. पुढच्या पिढीतील पाहणारा हेदूची फळी पाहून नबाबाची नाव हेदूची होती असे समजला, तर एवढ्या कौशल्याने उभारलेली साक्ष खोटी ठरेल. म्हणून प्रतिकृतीखालच्या पाटीवर दोन ओळी असाव्यात: मूळ नावेचे लाकूड कोणते होते, आणि येथे कोणते वापरले आहे.