यंत्रबाहू आणि मुक्ततामात्रा : एका संख्येचा इतिहास

कारखान्यातील यंत्रबाहू म्हणजे मानवी बाहूची नक्कल होय, असा समज सर्वत्र रूढ आहे. खांदा, कोपर, मनगट हे शब्द यंत्रालाही लावले जात असल्यामुळे तो अधिकच दृढ झाला आहे. परंतु ह्या यंत्राचा इतिहास तपासला असता त्या समजास फारसा आधार सापडत नाही. यंत्रबाहूस किती सांधे असावेत, हा प्रश्न शरीररचनेने सोडविलेला नसून भूमितीने आणि हाती असलेल्या कामाने सोडविला आहे. प्रस्तुत टिपणात हाच मुद्दा कालक्रमाने मांडावयाचा आहे.

प्रथम मोजणीचे तत्त्व पाहू. एखादी पेटी उचलून दुसरीकडे ठेवावयाची झाल्यास तिचे नवे स्थान सांगण्यासाठी तीन संख्या लागतात : डावे-उजवे, पुढे-मागे आणि वर-खाली. पण तेवढ्याने भागत नाही. पेटीचा रोख कोणता, हे सांगण्यासाठी आणखी तीन कोन द्यावे लागतात. ह्या सहा परस्परस्वतंत्र संख्या म्हणजेच दृढ वस्तूच्या सहा मुक्ततामात्रा होत. एक बिंदू स्थिर असलेल्या वस्तूचे कोणतेही विस्थापन एकाच अक्षाभोवतीच्या परिवलनाने साधता येते, हे ऑयलर यांनी अठराव्या शतकात दाखविले. कोणतेही विस्थापन म्हणजे एका अक्षाभोवती वळणे आणि त्याच अक्षाच्या दिशेने सरकणे होय, हा सिद्धांत शाल यांनी १८३० मध्ये मांडला. म्हणजे यंत्र जन्मास येण्यापूर्वीच त्याची भूमिती सिद्ध झालेली होती.

वळणारा वा सरकणारा एक साधा सांधा एकच मुक्ततामात्रा देतो. म्हणून वस्तू हव्या त्या जागी, हव्या त्या रोखाने धरावयाची तर किमान सहा सांधे आवश्यक ठरतात. मानवी बाहूत खांद्याच्या तीन, कोपराची एक, कोपराखालील हाताच्या पिळाची एक व मनगटाच्या दोन अशा सात मुक्ततामात्रा मोजतात. नक्कलच करावयाची असती, तर आरंभापासून सात सांध्यांचा आग्रह धरला गेला असता.

प्रत्यक्षात काय घडले? १९४०-५० ह्या दशकाच्या अखेरीस शिकागोजवळील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रेमंड गर्ट्झ यांनी किरणोत्सर्गी पदार्थ हाताळण्यासाठी दूरहस्त तयार केले. संरक्षक भिंतीच्या अलीकडे माणसाने मूठ हलविली की पलीकडचा चिमटा तशीच हालचाल करी. त्यात सहा मुक्ततामात्रा व पकड एवढेच होते. कोणता सांधा किती वळवावा, याचे गणित करण्याची गरज नव्हती. चालकाचे डोळे व हात ते काम करीत.

जॉर्ज डेव्हॉल यांनी १९५४ मध्ये स्वयंचलित हस्ताच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९६१ मध्ये मंजूर झाले. जोसेफ एंगलबर्गर यांच्या सहकार्याने सिद्ध झालेला ‘युनिमेट’ त्याच वर्षी न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात साच्यातून निघालेले तप्त ओतीव भाग उचलू लागला. ह्या बाहूच्या प्रमुख हालचाली तीन : बैठकीवर फिरणे, वर-खाली कलणे आणि दुर्बिणीच्या नळीप्रमाणे लांब-आखूड होणे. त्यास कोपर नव्हतेच! कामास कोपराची गरज नव्हती, म्हणून ते दिले गेले नाही.

संगणकाच्या आगमनाने प्रश्न पालटला. जाक डेनाव्हिट आणि रिचर्ड हार्टेनबर्ग यांनी १९५५ मध्ये, मूलतः यंत्ररचनांच्या अभ्यासासाठी, लगतच्या दोन अक्षांचा संबंध चार संख्यांत मांडण्याची रीत दिली होती. सांध्यांचे कोन ठाऊक असता चिमट्याचे स्थान त्या रीतीने सहज काढता येते. उलट प्रश्न मात्र बिकट आहे : इष्ट स्थानावरून कोन कसे काढावेत? सहा वळणाऱ्या सांध्यांच्या सर्वसाधारण बाहूसाठी त्याची सोळापर्यंत उत्तरे असू शकतात. लगतचे तीन अक्ष एका बिंदूत छेदत असतील तर हा प्रश्न तीन-तीन अज्ञातांच्या दोन भागांत विभागता येतो, हे स्टॅनफर्ड येथे डोनाल्ड पीपर यांनी १९६८ मध्ये दाखविले. व्हिक्टर शाइनमन यांनी १९६९ मध्ये तेथेच रचलेल्या बाहूत पाच सांधे वळणारे व एक सरकणारा होता आणि मनगटाचे तीनही अक्ष एका बिंदूत मिळत. यंत्राच्या मनगटाचा आकार अशा रीतीने बीजगणिताच्या सोयीने ठरला.

पुढील इतिहास ह्याच निष्कर्षास पुष्टी देतो. जपानमधील यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांनी १९७८ मध्ये जुळणीच्या कामासाठी चारच मुक्ततामात्रांचा ‘स्कारा’ बाहू सिद्ध केला. सुटे भाग वरून खाली बसवावयाचे असल्यामुळे उभ्या दिशेस तो ताठ, तर आडव्या दिशेस किंचित लवचीक ठेवला होता. याउलट २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर बसविलेल्या ‘कॅनडार्म २’ ला सात सांधे आहेत. कारण टोक स्थिर ठेवून मधला भाग अडथळ्यापासून बाजूस नेणे तेथे आवश्यक होते. येथे मानवी बाहूइतकीच संख्या आली खरी, पण ती गरजेतून आली, अनुकरणातून नव्हे.

अधिक मुक्तता म्हणजे अधिक श्रेष्ठ यंत्र, असे म्हणता येत नाही. प्रत्येक जादा सांधा वजन, खर्च आणि टोकाशी साचणारी चूक वाढवितो. म्हणून यंत्रबाहू आखणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या हाताकडे पाहण्यापूर्वी उचलावयाच्या वस्तूकडे पाहावे, आणि तिच्या किती हालचाली खरोखर हव्या आहेत हे आधी मोजावे.