विकतचें अन्न

परगांवीं गेलें असतां भूक लागली कीं समोरच्या उपाहारगृहांत शिरावें, पैसे द्यावे आणि तृप्त होऊन बाहेर पडावें, ही गोष्ट आज इतकी साधी झाली आहे कीं तिलाही कांहीं इतिहास असेल असें सहसा मनांत येत नाहीं. परंतु शिजविलेलें अन्न विकणें हें आपल्याकडे फार काळ हलकें मानीत असत, आणि तें विकत घेऊन खाणें म्हणजे तर केवळ नाइलाज. प्रवासी घरून दशम्या बांधून घेई. त्या सरल्या म्हणजे धर्मशाळेंत तीन दगडांची चूल मांडून स्वतः शिजवी, किंवा ओळख काढून आपल्या जातीच्या एखाद्या घरीं उतरे. कोणाच्या हातचें पाणी चालतें आणि कोणाच्या हातचा भात चालत नाहीं, याचा हिशेब प्रत्येकास तोंडपाठ होता.

मुंबईंत ही घडी विसकटली ती ग्रंथांनीं नव्हे, तर आगगाडीनें आणि गिरणीनें. १८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदराहून ठाण्यास गाडी धांवली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत गिरण्या सुरू झाल्या. कोंकणांतून व घाटावरून माणसें आलीं तीं बहुतेक एकटीं, बायकामुलें गांवींच. उजाडल्यापासून मावळेपर्यंत साच्यापुढें उभ्या राहिलेल्या गड्यास चूल कोण पेटवून देणार? या प्रश्नांतून खाणावळ निघाली. गिरणगांवांत ती पुष्कळदा एखाद्या बाईचीच असे. एवढीशी खोली, पगार झाला म्हणजे हिशेब, आणि जेवणारे बरेचसे तिच्याच मुलखांतले. स्वतःच्या पोटासाठीं दुसऱ्यांचीं पोटें भरणाऱ्या या स्त्रियांस इतिहासकारांनीं फारशी जागा दिलेली नाहीं. सावकाराच्या पाशांत त्या किती अडकल्या होत्या, इकडे लक्ष गेलें तें १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ निघाल्यावर.

गिरगांवांतील खाणावळींचा थाट निराळा. तेथें कित्येकदां पाटीवरच जात लिहिलेली असे, आणि सोंवळें जमेल तितकें सांभाळून कारकून व विद्यार्थी यांस वरणभात मिळे. जात मोडली नाहीं. ती भाड्याच्या खोलींत राहावयास आली एवढेंच.

हें म्हणणें कोणास कडवट वाटल्यास त्यानें पुण्याकडे पाहावें. तेथें १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें निमंत्रितांपुढें चहाचे पेले आले. गोपाळराव जोशांनीं हजर असलेल्यांचीं नांवें छापून आणतांच केवढें ग्रामण्य माजलें! रानडे व टिळक यांच्यासारख्यांसही प्रायश्चित्ताच्या वादांत गुंतावें लागलें. आणि तेथून आगगाडीच्या कांहीं तासांवर, त्याच शतकाच्या अखेरीपासून, मुंबईच्या नाक्यानाक्यांवर इराणी चहा विकूं लागला.

हे इराणी बहुतांशीं झरतुष्ट्री, अलीकडेच देश सोडून आलेले. धोबीतलावाजवळचें कयानी १९०४ चें. बॅलार्ड इस्टेटींतील ब्रिटानिया १९२३ चें. हिंदु दुकानदार नाक्याची जागा अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांस सांपडली, असें सांगतात. आम्हांस तर नाक्याचें दुकान दोन रस्त्यांवरून दिसतें, हेंच कारण अधिक पटतें. संगमरवरी मेज, वांकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या, बनमस्का, खारी आणि दाट चहा. गल्ल्यावरच्या मालकाला पैशांखेरीज फारसें कांहीं विचारावयाचें नसे. शेजारच्या मेजावर कोण बसला आहे हें न पाहण्याची संवय मुंबईकरास येथेंच लागली. पुढें दक्षिणेकडून उडुपीवाले आले. माटुंग्यास रामा नायकांनीं १९४२ सालीं भोजनगृह काढलें, आणि केळीच्या पानावरचा रसमभात मराठी माणसाच्याही अंगवळणीं पडला.

परंतु पेला मिळाला म्हणून शहराचें दारही उघडलें असें समजूं नये. १९१७ सालीं डॉ. आंबेडकर परदेशांतून शिकून बडोदें संस्थानच्या नोकरीवर गेले, तेव्हां हिंदु हॉटेलांत त्यांस थारा मिळण्याजोगा नव्हता. पारशी नांव धारण करून ते एका पारशी विश्रांतिगृहांत राहिले. थोड्याच दिवसांत तें उघडकीस आलें, आणि काठ्या घेऊन आलेल्या पारशांच्या जमावानें त्यांस तेथून घालवून दिलें. खिशांत पैसे होते, पदरीं कोलंबियाची विद्या होती, संस्थानची नेमणूक होती. आणि दिवसभर हिंडूनही रात्रीपुरतें छप्पर मिळालें नाहीं. ही हकीकत त्यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे.

दहा वर्षांनीं, १९२७ सालीं, महाडच्या तळ्याचें पाणी त्यांनीं ओंजळींत घेतलें. आणि २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमांत, धर्म, जात, लिंग इत्यादि कारणांवरून कोणासही जेथें मज्जाव करतां येणार नाहीं अशीं जीं स्थळें सांगितलीं आहेत, त्यांत विहिरी, तळीं, स्नानघाट यांच्या पंक्तीस दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें आणि हॉटेलें हींही नांव घेऊन लिहिलेलीं आहेत.